ऑरोराखालचे मॅग्नेटोमीटर: यंत्रापेक्षा जागा अवघड

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि स्वालबार्डवर पसरलेल्या ‘इमेज’ जाळ्यातल्या केंद्रांवर तीन अक्षांचे फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले बदल तीन दिशांनी मोजणारी यंत्रं, बसवलेले आहेत. दर १० सेकंदांची नोंद मिळते. ऑरोराबरोबर (ध्रुवीय प्रकाशाबरोबर) वाहणारा विद्युतप्रवाह सुमारे ११० किमी उंचीवर असतो, म्हणून त्याची छाप जमिनीवर तेवढीच पसरट उमटते. केंद्रं त्याहून फार दाट बसवून फारसं काही हाती लागत नाही.

आलेख वाचताना आधी उत्तरेकडचा एक्स घटक बघावा. प्रवाह पश्चिमेकडे वाहत असेल तर एक्स खाली जातो, सबस्टॉर्ममध्ये (ऑरोरा अचानक भडकतो तेव्हा) कधी हजार नॅनोटेस्लाही (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). मग झेड, म्हणजे खालच्या दिशेचा उभा घटक. पश्चिमेकडच्या अशा प्रवाहात तो वाढला तर प्रवाह केंद्राच्या दक्षिणेला, घटला तर उत्तरेला. शून्याच्या आसपास राहिला तर साधारण डोक्यावर. जमिनीत प्रेरित झालेले प्रवाह यात भर घालतात, किनाऱ्यावर विशेष. तिथे झेडवर डोळे झाकून विसंबू नये.

खरी डोकेदुखी सेन्सर ज्यावर बसवतात त्या स्तंभाची. वरची जमीन दरवर्षी गोठते-वितळते आणि स्तंभ कलतो. उभं क्षेत्र ५३,००० नॅनोटेस्ला धरलं, तर एका कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) झुकावाने आडव्या घटकात सुमारे १५ नॅनोटेस्ला खोटे मिसळतात. चुंबकीय वादळात ते लपतात, पण शांत दिवसाची पातळी बिघडते. टांगता सेन्सर झुकाव बराचसा स्वतःच सावरतो. पाया शक्यतो खडकावर घ्यावा, स्क्रू पितळी, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डबा सेन्सरपासून लांब. तापमानाने सेन्सरचं शून्य सरकतं, म्हणून सेन्सरजवळचं तापमानही नोंदवावं.

निरपेक्ष मोजणी, म्हणजे नुसता बदल नव्हे तर क्षेत्राची खरी दिशा, अचुंबकीय थिओडोलाइटने (कोन मोजणाऱ्या, सेन्सर बसवलेल्या दुर्बिणीने) होते: दुर्बीण सरळ आणि उलटी, सेन्सर वर आणि खाली, अशा चार स्थिती. त्यांच्या सरासरीत सेन्सरचा तिरकेपणा आणि शून्यदोष निघून जातात. एकूण तीव्रता प्रोटॉन मॅग्नेटोमीटर देतो. मोजणाऱ्याच्या खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, फोन आधी बाहेर! जाळ्यातल्या बऱ्याच केंद्रांवर मात्र ही मोजणी होत नाही. तिथे शांत दिवसाची पातळी वजा करून फक्त बदल बघायचा.

माणसाच्या वस्तीचा त्रास जुनाच आहे. विजेच्या ट्राम येणार म्हणूनच मुंबईची चुंबकीय निरीक्षणं कुलाब्याहून अलिबागला गेली, तिथल्या नोंदी १९०४पासूनच्या. उत्तरेत ट्रामच्या जागी स्नोस्कूटर. सेन्सरजवळ लावला की आलेखात पायरी येते, नेला की ती उतरते. संशय आला तर शेजारच्या केंद्राचा आलेख वर ठेवून बघावा: ११० किमीवरच्या प्रवाहाची खूण तिथेही, थोडी वेगळी का होईना, दिसते. काटकोनी पायरी एकाच केंद्रावर असेल तर ती नोंद खुशाल वगळावी.