फ्रेमवरच्या दोन खुणा

मोटारसायकल दुरुस्तीच्या कामात माझी पंचवीस वर्षे गेली; पण मालक आता कधीच येणार नाही हे ठाऊक असताना त्याच्या गाडीला हात लावण्याची वेळ त्या दिवशी पहिल्यांदाच आली. गाडी जुनी बुलेट होती, ३५० सीसीची, उजव्या पायाला गिअर असलेली. मालकाचा मुलगा ती ढकलत घेऊन आला. वडील जाऊन अकरा महिने झाले होते आणि तेव्हापासून गाडी झाकून उभी होती. "काका, विकायची नाही. फक्त चालू करायची आहे," एवढेच तो म्हणाला.

त्याचे वडील कारखान्यात लेथवर काम करीत. पाळी संपवून ते माझ्याकडे येत, पण गाडी सोपवून निघून जाणे त्यांना कधी जमले नाही. शेजारी उकिडवे बसून ते टॉर्च धरीत आणि मी सोडवलेला प्रत्येक नट फडक्यावर क्रमाने मांडून ठेवीत. एकदा गिअर लिव्हरचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, झिजले आणि नवे कुठेच मिळेना, तेव्हा त्यांनी ते स्वतः पितळेतून कातून आणले. ते आजही त्या गाडीत आहे आणि त्याला तसूभरही खेळ आलेला नाही.

इतके दिवस उभ्या असलेल्या गाडीला थेट किक मारू नये. या इंजिनाचे तेल वेगळ्या कप्प्यात असते आणि गाडी बराच काळ बंद राहिली की ते पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरते. ते काढण्यासाठी मी खालचा बोल्ट सोडला, तर आटे नव्यासारखे निघाले. एवढ्या जुन्या गाडीत ते बहुधा गेलेलेच असतात, कारण गळती थांबावी म्हणून लोक बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळत राहतात. या माणसाने तसे एकदाही केले नव्हते. माझ्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

टाकीतले पेट्रोल शिळे झाले होते, कार्बोरेटरचा पायलट जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र असलेला भाग, चिकट थराने बुजला होता. तो साफ केला, ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट घासून त्यांच्यातली फट फिलर गेजच्या पातळ पट्टीने ०.३५ मिलिमीटरवर लावली, बॅटरी बदलली. मग धूळ पुसताना इंजिनासमोरून उतरणाऱ्या फ्रेमच्या नळीवर, दोन्ही बाजूंना रंग उडालेल्या गोल खुणा दिसल्या. कसल्या असाव्यात हे मला उमगेना. मुलगा जवळ आला आणि बराच वेळ त्यांच्यावरून बोट फिरवत राहिला. तो टाकीवर पुढे बसत असे त्या वयात त्याचे पाय लोंबकळू नयेत, गरम इंजिनाला लागू नयेत, म्हणून वडिलांनी कारखान्यातल्या भंगारातून दोन छोटे पायटे बनवून तेथे क्लॅम्पने आवळले होते. त्याच्यानंतर बहीण तेथे बसली. तिचेही पाय मोठे झाले तेव्हा पायटे निघाले, खुणा राहिल्या.

तो आपणहून सांगू लागला. रात्रपाळीहून परतताना बाबा कोपऱ्यावरच इंजिन बंद करीत आणि एवढी जड गाडी दारापर्यंत ढकलत आणीत, म्हणजे झोपलेल्या मुलांना जाग येऊ नये. सकाळच्या पाळीला मात्र निघण्यापूर्वी ते गाडी थोडा वेळ दारात नुसती चालू ठेवीत, आणि तो अंथरुणात पडून ते ठोके ऐकत असे.

पहिली किक त्यालाच मारायची होती. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, मग सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून ती किंचित पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा आणि मग पूर्ण जोर लावायचा, हा क्रम मी त्याला समजावला. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली.

इंजिन तापल्यावर मी स्क्रू फिरवून आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग, लावले आणि काम झाले असे समजून उठलो, तेव्हा त्याने मान हलवली. "याहून हळू होती, काका." मी पुन्हा खाली बसलो. स्क्रू थोडाथोडा मागे घेत गेलो, आणि तो डोळे मिटून ऐकत राहिला. ठोके एकेक वेगळे मोजता येतील इतके संथ झाले, तेव्हा त्याने हात वर केला.

"हीच."