तांबडी सुर्लाचे पोपट: आधी झाड निवडा

फेब्रुवारीत गोव्याच्या रानात काटेसावर फुलली की पोपट शोधत हिंडावं लागत नाही. पानं गळालेली, फांद्यांवर नुसती लाल फुलं आणि मधासाठी जमलेली मैना, बुलबुल, कोतवालांची गर्दी. त्या गर्दीत पोपट असतातच. मी आणि भाचा फोंड्याहून अंधारात निघालो ते याच भरवशावर. मोले, साकोर्डा, बोळकर्णे करत तांबडी सुर्लाला पोचेपर्यंत उजाडायला लागलं होतं.

कदंबकाळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ पाहायला लोक येतात आणि परत फिरतात. पक्ष्यांसाठी आलेल्यांनी देवळाकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला थांबावं. इथे तीन पोपटांवर नजर ठेवायची. गावात दिसतो तो कीर पोपट. दुसरा तुईया, नराचं डोकं जांभळट लाल आणि शेपटीची टोकं पांढरी. तिसरा निळ्या पंखांचा पोपट, जो फक्त सह्याद्रीच्या पट्ट्यात आढळतो. त्यामुळे कॅमेरा आधी त्याच्याकडे वळवा.

भाच्याकडे १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स, त्यामुळे उत्साह अफाट. पहिला थवा आला आणि भाच्याने बर्स्ट लावला, म्हणजे एका दमात फोटोंची माळ. पोपट फ्रेमच्या बरोबर मधोमध, मागे फांद्यांचं जाळं, शेपूट अर्धी कापलेली.

"मामा, तो स्वस्थ बसतच नाही!"

"त्याला राहू दे. आधी झाड बघ."

या सगळ्या खटाटोपात मला एवढंच सांगायचं आहे. पोपट यायच्या आधी झाडाभोवती एक चक्कर मारायची आणि कुठल्या फांदीमागे काय आहे ते पाहून ठेवायचं. मागे लांबवर सावलीतला डोंगर असेल तर पार्श्वभूमी मऊ आणि गडद येते, हिरवा पक्षी उठून दिसतो. मागे पांढरं आभाळ असेल तर तोच पक्षी काळा पडतो. तिथे एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्या, नाहीतर सरळ जागा बदला. दोन पावलं डावीकडे सरकल्याने जे साधतं ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये साधत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. झाडाखाली उभं राहिलं की पोटाचे फोटो मिळतात. पण इथला रस्ता चढाचा आहे. वरच्या वळणावर गेलं की खालच्या उतारावरच्या काही झाडांचे शेंडे जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर येतात. भाच्याचा पहिला बरा फोटो तिथूनच मिळाला: तुईयाचा नर, चोच फुलात, डोळ्यात उजेडाचा ठिपका.

पोपटाची जवळपास अर्धी लांबी शेपटीतच असते. त्यामुळे उभी फ्रेम घ्या आणि खाली भरपूर जागा ठेवा. तो ज्या दिशेला पाहतोय तिकडेही मोकळं सोडा. मात्र 'फ्रेमचे तीन भाग करा' हे ऐकून प्रत्येक पक्ष्याला कोपऱ्यात ढकलायची सवय मला पटत नाही. समोर पाहणारा पोपट मधोमधच शोभतो.

लाल फुलांवर कोवळं ऊन पडलं की लाल चॅनल चटकन जळतो, म्हणजे फोटोतल्या लाल रंगातले बारकावे पुसले जातात. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रंगांचा वेगवेगळा लावा आणि गरज पडल्यास थोडं कमी एक्स्पोज करा. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंदाचा शटर वेग पुरतो. उतरताना-उडताना १/२००० च्या खाली जाऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून उडतात, म्हणून वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून झेपावतात.

ऊन चढल्यावर रस्त्यालगतच्या एका कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) गेलो, मालकाला विचारूनच. तिथे होता पिचू पोपट, चिमणीएवढा, चोच लाल, शेपूट आखूड, उलटा लटकून झोपणारा. माडावरच्या माडीच्या मडक्यावर हे येतात, असं मालक काका हसत म्हणाले. पोफळींच्या दाट सावलीत फोकस पानांवरच अडकत होता. फोकसचा सिंगल पॉइंट, म्हणजे एकच ठिपका, लावल्यावर जमलं.

आता जाणाऱ्यांसाठी. जानेवारी ते मे या काळात गोचिडांपासून सावध राहा. शेजारच्या सत्तरी तालुक्यात गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाच्या साथी आल्या आहेत. पूर्ण बाह्या, मोजे, आणि पाचोळ्यावर बसकण नको. मोबाइलची रेंज भरवशाची नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. बस मोजक्याच, म्हणून स्वतःची गाडी बरी. पाणी आणि डबा सोबत ठेवा. भाजीपाव हवा तर फोंड्यातच खाऊन निघा. रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्षी बोलावू नका. हा पोपटांच्या विणीचाही हंगाम असतो, तेव्हा झाडाच्या ढोलीत ये-जा दिसली तर तिथून लांब सरका.

वेळ उरलाच तर बोंडला अभयारण्य वाटेवर पडतं. जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं आहे, तरी पोपट मिळतात. गुरुवारी मात्र ते बंद असतं.