बुलेटचा उजेड: ११.६ व्होल्टपासून १३.५ पर्यंत

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर–गगनबावडा रस्ता रात्री अवघड होतो. बालिंग्याचा पूल ओलांडला की कोपार्डे, कळे या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात सावकाश चाललेले असतात. मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी चिखलानं माखलेला, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असळजहून परत येताना अशीच एक ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. ब्रेक लागला, गाडी सरळ राहिली, काही झालं नाही. पण घरी येऊन किल्ली खुंटीला अडकवली तेव्हाच ठरवलं की आता हेडलाइटचं काम करायचंच.

गाडी २०१३ ची साडेतीनशे बुलेट. सात इंची गोल डूम (काच आणि परावर्तक मिळून हेडलाइटचा दिवा), आत एच-४ हा दोन तारांचा बल्ब, ६०/५५ वॅट: अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला ६०, आणि डिपरला, म्हणजे खाली झुकलेल्या जवळच्या उजेडाला ५५. माझ्याकडं आल्यापासून हेडलाइटला कधी हात लावलेला नव्हता. दहा पावसाळे तिनं आमच्याकडचे खाल्लेत, त्यातले निम्मे गगनबावड्याच्या बाजूचे.

पहिला प्रयत्न: एलईडी बल्ब

बहुतेक सगळे इथूनच सुरुवात करतात, मीही केली. एच-४ च्या जागी बसणारा, मागं पंखा असलेला एलईडी बल्ब ऑनलाइन मागवला. बसवायला दहा मिनिटं. दारात लावून बघितला तर समोरची भिंत पांढरीशुभ्र. त्या रात्री रंकाळ्यावरून फुलेवाडीपर्यंत गेलो तर समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर मारत होता, आणि मी तर डिपरवर होतो. शिवाय जवळचा रस्ता लख्ख असूनही चाळीस-पन्नास मीटरवर काहीच नाही.

कारण नंतर कळलं. हॅलोजन एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती वाटी त्या तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळं परावर्तकाचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि भिंतीवर उजेड-अंधाराची स्वच्छ रेघ पडते. परावर्तकाचा आकार त्या तारेची जागा मिलिमीटरमध्ये धरून काढलेला असतो. तिथं दोन बाजूंना चिप चिकटवलेली पट्टी आली की उजेडाचा उगम हलतो, रेघ फिसकटते आणि प्रकाश वर उडतो. एलईडीचा डूमच वेगळा बनवलेला असेल तर गोष्ट निराळी. पण हॅलोजनच्या डूममध्ये एलईडी बल्ब, हे मी पुन्हा करणार नाही.

उद्यमनगर, शनिवार सकाळ

मग मनात आलं १००/९० वॅटचा बल्ब. एका मित्रानं थांबवलं आणि उद्यमनगरात एका वायरिंगवाल्या मामांकडं घेऊन गेला. शिवाजी उद्यमनगर ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. फौंड्रीचं मशिनिंग, ऑइल इंजिनचे भाग, लेथ, आणि त्यांच्या मधोमध एका शटरमध्ये मावेल एवढं दुकान. मामा साठीच्या पुढचे, चाळीस वर्षं फक्त गाड्यांचं वायरिंग केलेलं.

मी शंभर वॅटचं नाव काढलं तर त्यांनी मल्टिमीटर माझ्याच हातात दिला. "बल्ब बदलून काय हुतंय? आदी बल्बपतूर किती वोल्ट येतंय ते बघ की."

या लेखातला सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गाडी चालू, थोडा रेस, हेडलाइट डिपरवर. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर आले १३.९ व्होल्ट. मग डूम बाहेर काढून, बल्ब जळत असतानाच होल्डरच्या मागून टोकं घालून बघितलं तर ११.६. म्हणजे २.३ व्होल्ट वाटेतच गेले. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मोजू नका. करंटच वाहत नसेल तर घट दिसतच नाही, आकडा छान येतो आणि माणूस फसतो.

मामांनी पुढं ती घट कुठं जाते तेही मोजायला लावलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या डिपरच्या पातीवर: १.४ व्होल्ट. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं बल्बच्या अर्थवर, म्हणजे परतीच्या वायरीवर: ०.९. अर्थिंगमध्ये जवळजवळ एक व्होल्ट जातोय याची मला कल्पनाच नव्हती. सगळेजण प्लसची वायर बदलतात आणि अर्थ तशीच सोडतात.

याचा उजेडावर परिणाम किती? हॅलोजनचं व्होल्टेज एक टक्का घसरलं की उजेड साधारण साडेतीन टक्के घसरतो. एच-४ चा प्रमाणित उजेड १३.२ व्होल्टवर मोजतात, डिपरला सुमारे १००० ल्यूमेन, अप्परला १६५०. ११.६ व्होल्टवर त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड नाहीसा होतो. म्हणजे माझा ५५ वॅटचा बल्ब धड पेटतच नव्हता. त्यावर शंभर वॅटचा लावला असता तर करंट वाढून वाटेतली घट आणखी वाढली असती आणि होल्डर वितळला असता. माझा होल्डर आधीच कडेनं तपकिरी झालेला होता. शिवाय एच-४ चं प्रमाणित मापच ६०/५५ आहे, १००/९० त्यात बसत नाही.

रिले

मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट बॅटरी, किल्ली, हँडलवरचं स्विच, डिपर स्विच, दोन-तीन कपलर असा फिरून बल्बला पोचतो. प्रत्येक जोडावर थोडं थोडं जातं. आमच्या कपलरमधलं तांबं तर हिरवं पडलेलं. रिले म्हणजे थोड्याशा करंटनं चालणारं विजेचं स्विच. तो लावला की हँडलवरच्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे अंदाजे ०.१५ अँपिअर करंट जातो, आणि बल्बचे चार-पाच अँपिअर बॅटरीपासून जाड वायरीनं सरळ येतात.

दोन रिले घेतले, एक अप्परला एक डिपरला. जोडणी अशी: रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस, ८७ वरून बल्ब, ८६ ला जुन्या होल्डरची वायर, ८५ ला अर्थ. फ्यूज १५ अँपिअरचा, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच. मामा याबाबत फार कडक आहेत. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठं फ्रेमला घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी चांगली. वायर अडीच एमएमची, प्लस आणि अर्थ दोन्ही, आणि अर्थ थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत आणली. नवा होल्डर चिनीमातीचा घेतला. मूळ वायरिंग कुठंही कापलं नाही. जुन्या होल्डरमध्येच पुरुष-पिना घालून सिग्नल घेतला, म्हणजे उद्या काढायचं म्हटलं तर पाच मिनिटांत जसं होतं तसं.

रिले डूमच्या आत कोंबू नका. तिथं जागा नाही आणि उष्णता आहे. आम्ही टाकीखाली फ्रेमच्या पाइपला बांधले, पिनांचं तोंड खाली करून, म्हणजे पाणी आत थांबत नाही.

एक चूक झाली ती सांगतो. सगळं बांधून झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडं वळवलं तर नवी वायर ताणली जाऊन होल्डर बल्बवरून निम्मा निसटला. मामांनी न बोलता टाय कापले आणि मानेपाशी वायरीला एक सैल वळसा दिला. आता दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत वळवून बघितल्याशिवाय टाय ओढायचे नाहीत, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

मोजलं. बल्बवर १३.५ व्होल्ट. त्याच बल्बचा उजेड दीडपटीहून जास्त. मामांनी हात पुसले आणि म्हणाले, "आता ह्याला म्हणायचं पंचावन्न वॅट."

शंभर सीसीच्या जुन्या गाड्या असणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटच्या कॉइलवरून एसीवर चालतो. रेस कमी केली की उजेड मंदावतो, तो याचमुळं. तिथं हा रिले सरळ लावला तर तो फडफडत राहील. इंजिन बंद ठेवून, किल्ली ऑन करून हेडलाइट लागतो का ते आधी बघा. लागला तर डीसी. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाइटचं स्विचच नाही आणि काहींचा दिवा इंजिन सुरू झाल्यावरच लागतो, म्हणून तिथं इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर लावूनच खात्री करावी लागते.

डूम आणि बाण

माझ्या डूमचा परावर्तक धुरकट झालेला, खालच्या बाजूला पारा उडालेला. सात इंची माप जीपलाही चालतं, त्यामुळं पर्याय भरपूर. मी एक छान दिसणारा, आयात केलेला डूम मागवला आणि इथं पुन्हा अडकलो. भिंतीवर बघितलं तर डिपरची रेघ डावीकडं सपाट आणि उजवीकडं वर चढलेली. आपल्याकडं डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळं रेघ डावीकडं चढायला हवी, म्हणजे कडेचा माणूस, सायकल, ट्रॉली दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. माझा डूम उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा होता.

आंतरराष्ट्रीय ई-मार्क (मान्यतेचा शिक्का) असलेल्या काचेवर हे ओळखायची खूण असते. काचेकडं समोरून बघितल्यावर उजवीकडं जाणारा आडवा बाण असेल तर तो डाव्या रहदारीचा, दोन्हीकडं टोकं असतील तर दोन्हीकडं चालणारा, आणि बाणच नसेल तर उजव्या रहदारीचा. माझ्या काचेवर बाण नव्हता. तो परत पाठवला आणि उद्यमनगरातच बाण बघून दुसरा घेतला. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावलं नाही. बोटाचं तेल तापून काच तिथंच फुटते.

भिंत

रविवारी संध्याकाळी कॉलनीच्या कंपाउंडच्या भिंतीपासून बरोबर पाच मीटरवर गाडी उभी केली. टायरमध्ये हवा बरोबर, मी सीटवर, शेजारच्या पोराच्या हातात खडू. बल्बच्या मध्याची उंची भिंतीवर खुणेनं मारली आणि डिपरची रेघ त्याच्या पाच सेंटिमीटर खाली येईपर्यंत डूम झुकवला. मग बायको मागं बसली तर रेघ खुणेच्याही वर गेली. आम्ही दोघं नेहमी एकत्र फिरतो, म्हणून मागच्या शॉकअपची सेटिंग दोन खाच्यांनी कडक केली आणि पुन्हा लावलं. एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण दोघं बसल्यावर हेडलाइट झाडात जातो अशी तक्रार जे करतात, त्यांचं उत्तर बल्बमध्ये नसून इथं आहे.

रस्त्यावर

परवा रात्री गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो, सुमारे पंचावन्न किलोमीटर एका बाजूला. समोरून एकानंही अप्पर मारला नाही. हॅलोजनचा पिवळसर उजेड ओल्या डांबरावर खड्डे चांगले दाखवतो, पांढऱ्या एलईडीत ते सपाट दिसत होते. कळ्याच्या अलीकडं एक डबल ट्रॉली होती, मागं एकही दिवा नसलेली. उसाची टोकं डावीकडच्या चढत्या उजेडात लांबूनच दिसली, गिअर कमी करायला आणि हॉर्न द्यायला भरपूर वेळ मिळाला.

परत आल्यावर वायरी हाताळून बघितल्या, कुठंच गरम नाहीत. व्होल्टेज वाढल्यानं बल्बचं आयुष्य कमी होणार, म्हणून एक जास्तीचा बल्ब टूलबॉक्समध्ये कापडात गुंडाळून ठेवला आहे. मामांनी मे महिन्यात गाडी आणायला सांगितलीय. पावसाआधी फ्यूज होल्डर उघडून ग्रीस भरायचं आहे, आणि त्याच वेळी हॉर्नलाही रिले लावायचा आहे.