शेवटच्या पानावरची शेवटची ओळ

आमच्याकडे अमळनेरला पेपर शेवटच्या पानापासून वाचायची पद्धत आप्पांनी पाडली. आप्पा म्हणजे माझे आजोबा. आधी निधनवार्ता, मग केळी-कापसाचे भाव, आणि मग थेट तळाला जाऊन ती बारीक टायपातली ओळ, हे पत्र मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक-प्रकाशक तमुक यांनी ढमुक प्रेसमध्ये छापून तिथेच प्रसिद्ध केले. एके दिवशी भिंग धरून त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "मालक बदलना वाटस भाऊ."

पेपरात त्याबद्दल बाकी एक अक्षर नव्हतं. नगरपालिकेत खुर्ची हलली की चार कॉलम बातमी, आणि स्वतःच्या घरात एवढी उलथापालथ झाली तर चिडीचूप! ती ओळ तरी छापत होते कारण कायदाच तसा, १८६७चा, इंग्रजांनी केलेला, आणि तो पार १ मार्च २०२४ला नवा कायदा लागू होईपर्यंत चालला. शिवाय १९५६च्या नियमांमुळे दरवर्षी फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात मालकीचं निवेदन द्यावं लागायचं, नमुना ४, त्यात एक टक्क्यापेक्षा जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची नावंपत्ते सगळे. लोक बजेटची वाट बघतात तशी आप्पा त्या अंकाची बघायचे.

पहिला मालक साधा प्रेसवाला होता. पेपर हा त्याचा जोडधंदा, खरी कमाई लग्नपत्रिकांची, त्यामुळे लग्नसराईत चार पानांचा पेपर दोन पानांवर यायचा. एकदा तर कंपोझिटरने पत्रिकेची जुळवलेली ओळ काढायचीच राहिली आणि एका निधनवार्तेखाली "आपले आगमन प्रार्थनीय" छापून आलं. आप्पांनी ते कात्रण पाकिटात कितीतरी वर्षं ठेवलं होतं, पाहुणे आले की काढून दाखवायचे.

मग शिक्षणसंस्थावाले मालक आले. कागद सुधारला, फोटो वाढले, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनी केळीच्या भावाची चौकट दुसऱ्या पानावरून सहाव्यावर ढकलली. हे आप्पांना अजिबात पटलं नाही. अग्रलेख कोणाच्या बाजूने चाललाय याच्याशी त्यांना फार घेणंदेणं नव्हतं, पण रावेरचा भाव शोधायला पानं उलटावी लागतात म्हणजे काय! मला विचाराल तर नवा मालक काय चीज आहे ते अग्रलेखापेक्षा त्या चौकटीवरूनच लवकर कळतं.

मोठ्या पेपरांचं तरी काय वेगळं? 'सकाळ' १९३२ला पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी काढला, १९८०च्या दशकात तो पवार कुटुंबाकडे गेला, नाव तेच राहिलं. २०११ला हिंदीतल्या भास्कर समूहाने 'दिव्य मराठी' काढला तेव्हा आमच्या पेपरच्या तिसऱ्या मालकाशी बोलणी चालली होती म्हणे, म्हणजे आप्पांच्या ओट्यावर तरी तशी चर्चा होती.

मालकीचा विषय निघाला की आप्पा साने गुरुजींवर यायचेच. गुरुजी आमच्याच गावात, प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात असताना मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. मालक, संपादक, मुद्रक, सगळं एकच माणूस, आणि वाचक शेजारच्या खोलीत झोपलेले. "त्या पेपरला खाली ओळच लागत नव्हती," आप्पा म्हणायचे.

आप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यांची निधनवार्ता याच पेपरात आली, खाली चुकीची ओळ नाही ना ते मी दोनदा तपासलं. पेपर बदलावा असं घरात अधूनमधून कोणीतरी म्हणतं पण बदलत कोणीच नाही. परवा पोऱ्या बिल घेऊन आला तर पावतीवर अजून पहिल्याच प्रेसवाल्याचं नाव. म्हटलं, अरे हे गेले ना केव्हाच विकून? तर म्हणे, "काका, गोडाऊनमध्ये जुनी पावतीपुस्तकं पडेल आहेत, ती संपली की नवी छापणार."