न्युंबूंच्या बाळंतपणाला

उभी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात झाली, तीही बहुतेक लातूर-उदगीर पट्ट्यात. देवणी गायी, लाल कंधारी वळू आणि उन्हाळ्यात चाऱ्यावाचून हाडं वर आलेल्या म्हशी. लेक-जावयानं आफ्रिकेच्या सफारीचा बेत काढला तेव्हा मी एवढंच विचारलं, कोणता महिना? लेक म्हणाली, फेब्रुवारी. मग नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. टांझानियात सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुतूचा माळ आहे. तिथं फेब्रुवारीत वाइल्डबीस्ट, म्हणजे गायीच्या तोंडवळ्याची मोठी हरणं, वितात, आणि एक-दोन नाही, लाखांनी. तिकडचे लोक या जनावराला न्युंबू म्हणतात. खर्चाचा आकडा लेकीनं शेवटपर्यंत सांगितला नाही. मीही खोदून विचारलं नाही. ऐकला असता तर गेलोच नसतो.

अरुशाहून डझनभर माणसांचं छोटं विमान. माणशी पंधरा किलो सामान, तेही मऊ पिशवीत, चाकांची कडक बॅग चालत नाही. टांझानियात २०१९पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी, म्हणून हिनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी स्टीलच्या डब्यांत भरली. तिच्या पंधरा किलोंत कपडे किती होते ते विचारू नका. न्दुतूची धावपट्टी म्हणजे नुसती मातीची पट्टी. आम्ही उतरण्याआधी तिच्यावरून झेब्रे हाकलावे लागले.

आमचा मुक्काम फिरत्या कॅम्पात. कापडी तंबू, पण आत जाडजूड पलंग, गालिचा, लिहायचं टेबल, मागं न्हाणी आणि संडास. कुठंही सिमेंट नाही. डिसेंबर ते मार्च हा कॅम्प दक्षिणेत असतो. पुढं कळप पश्चिमेकडं आणि मग उत्तरेला मारा नदीकडं सरकतो, तसे हेही तंबू उपटून मागोमाग जातात. कुंपण नाही. अंधार पडला की एकट्यानं तंबूबाहेर पाय टाकायचा नाही. जेवायला जायचं तरी टॉर्च घेतलेला राखणदार सोबत येतो. रात्री सिंह ओरडला की तो किती लांब आहे याचा अंदाजच येत नाही. जावई म्हणाला, दोन किलोमीटर तरी असेल. सकाळी पंजे जेवणाच्या तंबूपाशी होते.

आंघोळीची गंमत सांगतो. पाणी टँकरनं लांबून आणतात, म्हणून माणशी वीसेक लिटर. संध्याकाळी तंबूमागून पोरगा हाक मारतो, गरम पाणी कापडी पिशवीत ओततो, दोरीनं ती वर चढवतो. तुम्ही आत साखळी ओढायची, भिजायचं, बंद करायचं, साबण लावायचा, पुन्हा ओढायची. जावई पुण्याचा; पहिल्या दिवशी साबण अंगावरच राहिला. आम्ही दोघांनी २०१६चा उन्हाळा लातुरात काढलेला, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तो. आमचं पाणी उरायचं. पण ही काही गप्प बसली नाही. "एवढे पैसे देऊन बादलीभर पाण्यातच आंघोळ करायलाव की आपण!"

आता मूळ गोष्ट. न्दुतूचा बराच माळ न्गोरोन्गोरो संवर्धन क्षेत्रात मोडतो. १९५९ साली सेरेंगेटीपासून वेगळं काढलेला हा भाग. राष्ट्रीय उद्यानात गाडी रस्ता सोडू शकत नाही, इथं सोडू शकते. सकाळी आम्ही कळपाच्या कडेला जाऊन इंजिन बंद केलं. डोळे पोचतील तिथवर करडी-काळी जनावरं, आणि मधे मधे फिक्या तपकिरी रंगाची पिलं. एक मादी सारखी बसत-उठत होती, शेपूट बाजूला धरलेली. मी लेकीला म्हटलं, आता गाडी हलवायची नाही. थोड्या वेळानं पुढचे दोन खूर दिसले, त्यांवर टेकलेलं नाक. पिल्लू सरळ आलेलं, काळजीचं कारण नव्हतं. माझा हात मात्र सवयीनं बाही वर सारत होता! मादी उभी राहिली आणि पिल्लू धपकन खाली आलं. तिनं चाटायला सुरुवात केली. ते चार वेळा पडलं, पाचव्यांदा उभं राहिलं. आपल्या गायीचं वासरू उभं राहायला अर्धा-पाऊण तास सहज घेतं. इथं दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. कास शोधताना आधी पुढच्या पायात तोंड घातलं, मग मागं गेलं. सगळी वासरं करतात तेच. कोल्ह्याची जोडी वीस पावलांवर बसून होती. त्यांचं लक्ष पिलाकडं नव्हतं, वितल्यावर मागून येणारी वार कधी पडते याकडं होतं.

एवढी सगळी दोन-तीन आठवड्यांतच का वितात? तरसं, सिंह, चित्ते खाऊन खाऊन किती खाणार! सगळी पिलं एकदम आली की बहुतेक वाचतात. उशिरा आलेलं मात्र बहुधा जातंच. आणि याच माळावर का? इथली माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. त्या भागातला ओल डोइन्यो लेंगाई अजून जागा आहे. गवत आखूड, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, म्हणजे दूध देणाऱ्या मादीला नेमकं हवं तेच. आमच्याकडं फॉस्फरस कमी पडलं की गाय चपला चघळते, हाडकं तोंडात धरते. मी जन्मभर खनिज मिश्रणाची पाकिटं लिहून दिली आणि लोकांनी ती खुंटीला टांगून ठेवली. इथं सगळा माळच खनिज मिश्रण.

संध्याकाळी शेकोटीपाशी खुर्च्या मांडतात, हातात ग्लास देतात. तिथं आमच्या गाइडला मी बुळकांडीचं विचारलं. तो हसला, म्हणाला, हे कुणी पाहुणा विचारत नाही. बुळकांडी म्हणजे रिंडरपेस्ट. माझ्या तरुणपणी म्हातारे शेतकरी हे नाव हळू आवाजात घ्यायचे. ताप, तोंडात फोड, डोळ्या-नाकातून पाणी, मग हगवण, आणि आठवडाभरात गोठा मोकळा. आफ्रिकेत हा रोग १८८०च्या दशकाच्या शेवटी इरिट्रियामार्गे शिरला, इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर. काही वर्षांत तो दक्षिण टोकाला पोचला. तिथल्या गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांची गुरं गेली आणि मागोमाग माणसं भुकेनं गेली. रानातली म्हैस आणि न्युंबूही मेले, आणि पुढची सत्तर वर्षं रोग तिथंच घर करून राहिला.

१९६१च्या मोजणीत सेरेंगेटीत न्युंबू अडीच लाखांच्या आसपास होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते तेरा लाखांवर गेले. मधे कोरड्या हंगामातला पाऊसही चांगला झाला, पण मूळ कारण बुळकांडी गेली हे. आणि रानातल्या जनावराला कुणी सुई टोचलेली नाही! टोचल्या त्या आजूबाजूच्या गुरांना. गुरांत रोग थांबला तसा रानातून आपोआप गेला. म्हणजे जगभरातून माणसं दुर्बिणी लावून जे बघायला येतात, तो कळप गायीच्या लसीनं उभा केलाय. वॉल्टर प्लोराइट या पशुवैद्यानं केनियात ती पेशींवर वाढवलेली लस तयार केली. १९९९चा जागतिक अन्न पुरस्कार त्याला त्यासाठीच मिळाला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मीही बर्फाचा थर्मास मोटारसायकलला बांधून वाड्या-तांड्यांवर बुळकांडीची लस टोचत हिंडलोय, शिंगं खाल्लीत, लाथा खाल्ल्यात. भारतात शेवटची बुळकांडी १९९५ची. २०११ला ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा मान मिळालेला दुसराच रोग. त्या दिवशी आमच्या दवाखान्यात कुणी पेढासुद्धा वाटला नाही.

पण गोष्ट इथं सरळ संपत नाही. दुसऱ्या दिवशी एका मसाई वस्तीवर गेलो. तिथं नाच बघायला नेतात, मला गुरं बघायची होती. वशिंडाची, आखूड शिंगांची, काटक. गुराखी गाइडमार्फत म्हणाला, न्युंबू विताना आम्ही गुरं माळावर नेत नाही, उंचावर नेतो. कारण न्युंबूच्या पिलांच्या नाकाडोळ्यांतल्या पाण्यातून एक विषाणू पसरतो. न्युंबूला त्याचं काही होत नाही, गाय मात्र बहुधा मरते: ताप, पांढरे पडलेले डोळे, सुजलेलं तोंड. बघणाऱ्याला पहिल्यांदा बुळकांडीच वाटावी. हाही विषाणू न्युंबूत पहिल्यांदा सापडवला तो प्लोराइटनंच, १९६०मध्ये. गुरांना टोचलेल्या लसीनं न्युंबू वाढले, आणि वाढलेल्या न्युंबूंनी वर्षातल्या सगळ्यात सकस गवतावरून गुरांना हाकललं. कॅम्पात हे कुणी सांगत नाही. गुराख्यानं मला विचारलं, तुझी गुरं किती? मी म्हटलं, एकही नाही. त्यानं गाइडकडं असं बघितलं की हा कसला डॉक्टर!

बलूनमध्ये आम्ही बसलो नाही. पहाटे उठून आभाळातून जनावरं बघण्यात मला रस नव्हता, हिला भीती होती. झाडीच्या भागात त्सेत्से माशी चावते. निळ्या-काळ्या कपड्यांवर ती हमखास येते, तेव्हा खाकी घाला. आपल्याकडच्या सर्रा या जनावरांच्या रोगाचा भाऊबंद असलेला रोग ती गुरांत पसरवते. जायचं असेल तर एकच सांगतो. पाऊस मागंपुढं झाला की कळपही मागंपुढं होतो, तो कुणाच्या बुकिंगला बांधलेला नाही. पैसे भरण्याआधी विचारून घ्या की त्या पंधरवड्यात कॅम्प नेमका कुठं असेल, आणि मागच्या दोन वर्षी त्याच दिवसांत कळप तिथून किती लांब होता.