खरखर कापायची नाही

लंडनमधल्या एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रात मी प्रसारण अभियंता म्हणून काम करत होते. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर टॉक टॉक या ब्रिटिश बँडचा गायक मार्क हॉलिस गेल्याची बातमी आली आणि त्याच आठवड्यात त्याच्या गाण्यांवर रात्रीचा एक विशेष कार्यक्रम ठरला. निवेदकाने दिलेल्या यादीत ‘मिरमन’ या गाण्यापुढे ठळक सूचना होती : सुरुवात कापायची नाही.

टॉक टॉकच्या १९९१ सालच्या ‘लाफिंग स्टॉक’ या अखेरच्या अल्बममधले हे पहिले गाणे. त्याच्या आरंभी सुमारे अठरा सेकंद अ‍ॅम्प्लिफायरची बारीक खरखर तेवढी ऐकू येते आणि मग गिटारचा पहिला स्वर उमटतो. आमच्या केंद्रात मात्र आवाज ठरलेल्या पातळीखाली पंधरा सेकंद राहिला, की बिघाड झाला असे समजून यंत्रणा आपोआप राखीव संगीत सुरू करत असे. मोजून पाहिले, तर ती खरखर या पातळीच्या कितीतरी खाली होती. ‘पाच सेकंद कापले तर कुणाला कळणार आहे?’ असे केंद्रप्रमुखांचे म्हणणे होते. ते मला पटले नाही, कारण ती खरखर हॉलिसने जाणूनबुजून ठेवलेली आहे, आणि तिथवर पोहोचायला त्याला दहा वर्षे लागली होती.

१९८२ मध्ये सिंथेसायझरवरच्या चटकदार गाण्यांनी सुरुवात करणारा हा बँड १९८४ च्या ‘इट्स माय लाइफ’ने युरोपभर गाजला आणि १९८६ च्या ‘द कलर ऑफ स्प्रिंग’ला तर उत्तम यश मिळाले. त्या यशाच्या बळावर हॉलिस, निर्माता टिम फ्रीज-ग्रीन आणि ध्वनिमुद्रक फिल ब्राउन लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत जवळजवळ अंधारात महिनोन्‌महिने काम करत राहिले. एकेका वादकाला बोलावून त्याला मोकळेपणाने वाजवू द्यायचे, आणि त्यातला बहुतेक भाग टाकून देऊन मोजके स्वर तेवढे राखायचे, अशी त्यांची रीत होती. त्यातून १९८८ साली ‘स्पिरिट ऑफ ईडन’ हा सहा गाण्यांचा अल्बम तयार झाला. रेकॉर्ड कंपनीला तो विकायचा कसा हे उमगले नाही, आणि पुढे बँड आणि कंपनी यांच्यातले प्रकरण न्यायालयात गेले.

माझी खरी काळजी याच अल्बमची होती. त्यातले ‘द रेनबो’ बराच वेळ जेमतेम ऐकू येईल इतके हळू चालते, आणि मग हार्मोनिका एकदम अंगावर येते. प्रसारणाचा प्रोसेसर मात्र हळू आवाज उचलतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे ही चढउतार सपाट होऊन गाण्याचा जीवच जातो. म्हणून मी त्या कार्यक्रमापुरता प्रोसेसरचा परिणाम शक्य तितका सौम्य केला आणि शांततेची मुदत पंधरावरून तीस सेकंदांवर नेली. घरोघरच्या श्रोत्यांना आवाज थोडा कमी वाटणार, हे मान्य करूनच.

‘मिरमन’ लागले तेव्हा केंद्रप्रमुख माझ्या शेजारी उभे होते. दहाव्या सेकंदाला पूर्वसूचनेचा पिवळा दिवा लागला. मीटर हलत नव्हते, पण मॉनिटर स्पीकरमधून एक खोली ऐकू येत होती, जिथे कुणीतरी वाजवण्याच्या तयारीत बसले आहे अशी. कोणत्याही प्रस्तावनेने ती अपेक्षा निर्माण झाली नसती. गिटार आली तेव्हा केंद्रप्रमुखांनी खुर्ची ओढली आणि उरलेला कार्यक्रम बसून ऐकला.

शेवटी १९९८ चा हॉलिसचा एकमेव एकल अल्बम होता. खोलीत दोन मायक्रोफोन लावून आणि त्यांच्याभोवती वादक बसवून तो मुद्रित केला आहे, त्यामुळे कोण जवळ आहे आणि कोण लांब हेदेखील कानाला कळते. त्यानंतर हॉलिस कुटुंबात रमला आणि त्याने पुन्हा अल्बम काढला नाही. याला अनेक जण माघार म्हणतात. सगळी गाणी कालक्रमाने ऐकल्यावर मला तसे वाटत नाही. ‘द कलर ऑफ स्प्रिंग’नंतरच्या प्रत्येक अल्बममध्ये त्याने वाद्यांची गर्दी आणि सजावट कमी करत नेली होती, आणि १९९८ मध्ये कमी करण्याजोगे फारसे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी यंत्रणा पूर्ववत करताना मी एक लेखी सूचना दिली, की रात्रीच्या संगीत कार्यक्रमांसाठी शांततेची मुदत निवेदकाच्या मागणीनुसार बदलता यावी. केंद्रप्रमुखांनी ती त्याच दुपारी मंजूर केली.