टॉवेलात गुंडाळलेला सीपीयू

दिवाळी होऊन तीन-चार दिवस झाले असतील. अण्णा स्कूटरवरून दुकानात आले. पायापाशी सीपीयू उभा केलेला, त्याला टर्किश टॉवेल गुंडाळलेला, वरून सुतळी. टॉवेल सेकंडच्या मालातला, एका कडेला धागा सुटून लांब रेघ पडलेली. अण्णांचे सहा माग आहेत. त्यांच्या घरात काहीही बांधायचं झालं की पिशवीच्या आधी टॉवेल हाताला लागतो.

"ताई, हे म्हातारं झालं म्हणे ओ," सुतळी सोडता सोडता ते म्हणाले. "दुकानवाला म्हणतो, काढून टाका, नवीन घ्या. पस्तीस-चाळीस हजार."

अशोक चौकाजवळ माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी कॉम्प्युटर इंजिनियर वगैरे नाही. बी.कॉम. केलं, टायपिंगच्या परीक्षा दिल्या आणि सतरा वर्षं लग्नपत्रिका जुळवतेय. सोलापुरात हे काम म्हणजे कसरतच. नवऱ्याकडचे तेलुगू, छापायची मराठी, मामाकडचे कन्नड; एका कागदावर तीन लिप्या बसवायच्या आणि कुणाचा काना-मात्रा चुकता कामा नये. एवढ्यावरच गल्लीत माझी 'कॉम्प्युटरवाली ताई' म्हणून ख्याती.

अण्णांच्या मशीनला तसं काही झालेलं नव्हतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तो निरोप स्क्रीनवर येत होता. त्या तारखेनंतर मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. एक वर्षाची मुदतवाढ घेता येत होती, पण ती संपली की पुन्हा तेच. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० ही चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. अण्णांचा आय-थ्री चौथ्या पिढीचा. मशीन धडधाकट, पण वयाच्या दाखल्यावर नापास.

त्याच आठवड्यात असे तिघं येऊन गेले. माझं स्वतःचं झेरॉक्सजवळचं मशीनही त्याच वयाचं. भाचा दिवाळीला आला होता, त्यानं त्यावर पेनड्राइव्हमधून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकून दिली होती आणि मशीन मजेत चाललं होतं. मला वाटलं, आपण हेच सगळ्यांना का देऊ नये?

लिनक्सची आणि माझी ओळख तशी जुनी. २००८ मध्ये उबुंटूवाले (उबुंटू हाही लिनक्सचाच एक प्रकार) मागेल त्याला सीडी पोस्टानं घरपोच पाठवायचे, एक पैसा न घेता. माझ्याकडेही पाकीट आलं होतं. दोन दिवस खटपट केली, इंटरनेट काही जोडलं गेलं नाही. आईनं ती सीडी कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत दोऱ्याला बांधली. पुढे २०११ मध्ये सीडी पाठवणं बंद झालं. आमची मात्र नंतर बरीच वर्षं उन्हात फिरत होती.

यावेळी मी हुशारी केली. पत्रक छापलं. प्रेस आपलीच, खर्च कागदाचा. वर ठळक अक्षरात 'मुक्त संगणक प्रणाली', खाली 'संपूर्ण मोफत'. पन्नास प्रती वाटल्या. दोघं आले. पहिल्यानं विचारलं, "मुक्त म्हणजे मुक्त विद्यापीठाचा कोर्स का? दहावी नापास चालतो का?" दुसरे पतसंस्थेतले. त्यांनी पत्रक उलटंसुलटं बघून परत काउंटरवर ठेवलं. "फुकट कोण देतंय ओ आजकाल? आधी फुकट म्हणतेत, मग खात्यातून कापतेत."

त्यांचं काय चुकलं? रोज उठून कुणाच्या ना कुणाच्या फोनवर कुठलीतरी लिंक येते आणि पैसे जातात. 'संपूर्ण मोफत' या दोन शब्दांना आता फसवणुकीचा वास येतो, आणि तेच मी ठळक छापले होते.

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. आमच्याकडे विंडोजही फुकटच आहे! 'विंडोज मारून द्या' म्हटलं की कुणीतरी पाचशे रुपयांत मारून देतो, ते पाचशे त्याच्या हातकामाचे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट करा' असं फिकट लिहून येतं, त्याची लोकांना इतकी सवय झालीय की एका गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं, "माझ्यात ते कोपऱ्यातलं का येत नाही, काही बिघडलंय का?" अशा गावात किमतीचा मुद्दा घेऊन मी कुणापुढे उभी राहणार?

मग अण्णांच्या घरी जाऊन लिनक्सचा मोठेपणा सांगून पाहिला. जगातले पहिले ५०० महासंगणक २०१७ पासून झाडून सारे लिनक्सवर चालतात, केरळच्या सरकारी शाळांत मुलं यावरच शिकतात, आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स केलंय. घरच्या अक्का पॅकिंगच्या हिशेबाची वही घेऊन बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आमचं एकच हाय. तेवढं चालू करून दे."

खरा तिढा अण्णांनीच सोडवला. त्यांचा एकच प्रश्न होता, हे बनवणाऱ्याला मिळतं काय आणि त्यानं ते दुसऱ्याला का द्यावं. मी सांगत होते की याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, सगळ्यांना खुला असतो, आणि अण्णा समजल्यासारखी मान हलवत होते. ती मान मला ओळखता येते, पत्रिकेचा फाँट आवडला नाही की लोक तशीच हलवतात. तेवढ्यात माझी नजर माळ्यावर गेली. त्यांच्या वडिलांच्या वेळचे चादरीचे माग आता नाहीत, पण जकार्डच्या कार्डांच्या चळती अजून तिथं आहेत, दोऱ्यानं एकात एक ओवलेल्या, धूळ खात.

ज्यांनी माग जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सोलापुरी चादरीची नक्षी विणकराच्या हातात नसते, ती वर टांगलेल्या या पुठ्ठ्याच्या कार्डांत असते. कार्डाला भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि तिच्या वाट्याचा ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथला खालीच राहतो. आडव्या एका धाग्याला एक कार्ड. मोर असो की कमळ, सगळं त्या भोकांत. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डांची युक्ती घेतली होती, म्हणजे कॉम्प्युटर आणि माग तसे भाऊबंदच.

"अण्णा, चादर घेणाऱ्याला कार्डं देता का?"

"कार्डं कशी देईन? त्याच्यातच तर सगळं हाय."

"विंडोज म्हणजे नुसती चादर. अंगावर घ्या, पण किनार बदलायची म्हटलं तर जमत नाही. लिनक्सवाले चादरीबरोबर कार्डंही देतात. लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये सुरू केलं, लगेच सगळ्यांसमोर ठेवलं. कुणीही भोकं बदलावीत. अट एकच, बदललेला माल वाटलात तर तुमचीही कार्डं द्यायची."

अण्णा बराच वेळ माळ्याकडे बघत होते. "आमच्या धंद्यात कार्डं न देताच डिझाइन उचलतेत," ते हसून म्हणाले. "आणि ह्यांचं पोट कशावर?"

यालाही खरं उत्तर होतं. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांना इंटेल, गुगल, रेड हॅट अशा कंपन्या पगार देतात, कारण त्यांचाच धंदा त्यावर उभा आहे. मिंट चालतं देणग्यांवर आणि प्रायोजकांवर. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच, हेही सांगितलं. अण्णांनी खिशातून फोन काढून उलटा करून पाहिला, जणू मागं लिहिलेलं असेल.

तेव्हापासून मी 'मुक्त' म्हणत नाही. 'उघड्या कार्डाचं' म्हणते. अशोक चौक ते साखर पेठ हा शब्द कुणालाही समजावावा लागत नाही.

मिंट टाकायचा दिवस पाण्याच्या पाळीचा निघाला, त्यामुळे घर अर्धं नळाशी. मी आधी जुनी हार्डडिस्क काढून दीड-दोन हजारांची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून घेतली होती. खरं सांगायचं तर वेग वाढतो तो निम्मा-अधिक तिच्यामुळेच, श्रेय मात्र लिनक्स घेऊन जातं. पेनड्राइव्ह लावला, एफ-१२ दाबत राहिले, यादीतून पेनड्राइव्ह निवडला. मिंटचा एक्सएफसीई हा प्रकार घेतला होता, जुन्या मशीनला हलका. ते आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हातही न लावता, आणि माझ्या मते पटवण्याचं सगळ्यात मोठं साधन हेच आहे. वायफाय लागलं. अक्कांनी तेलुगू गाणं लावायला सांगितलं, आवाज आला. जीएसटीचं पोर्टल उघडलं, प्रिंटर सीडीशिवाय आपणहून ओळखला गेला. मग अण्णांना म्हटलं, आता हो म्हणा, नाहीतर पेनड्राइव्ह काढते, सगळं होतं तसं. ते हो म्हणाले. वीस मिनिटांत काम झालं, तोवर टाकीही भरली.

अक्कांना फक्त एक्सेलची काळजी. "ते हिरवं कुठं गेलं?" मिंटबरोबर येणाऱ्या लिब्रे-ऑफिसमध्ये एक्सेलच्या जागी कॅल्क असतं, त्याचं चित्रही हिरवंच, ते तळाशी आणून ठेवलं. एक सेटिंग मात्र त्याच दिवशी करून टाकावं लागतं, की फाइल कायम एक्सेलच्या स्वरूपात जतन व्हावी. नाहीतर ती ओडीएस म्हणून जाते आणि पलीकडून सीए फोन करतो, "हे काय पाठवलंय?" त्या एका फोननं महिनाभराची मेहनत वाया जाते.

सगळीकडे असं सुरळीत झालं नाही. पलीकडच्या गल्लीतल्या एका ऑफिसचा लेझर प्रिंटर तीन संध्याकाळी घेऊन बसला, शेवटपर्यंत एक पान दिलं नाही. तिथं मी विंडोज परत टाकून दिलं आणि चहाचे पैसेही घेतले नाहीत. हिशेबाचं टॅलीही विंडोजसाठीच बनलेलं आहे. ज्यांचं आख्खं दुकान त्यावर चालतं त्यांना मी आता दारातूनच नाही म्हणते. डिजिटल सहीचं डोंगल रोज लागणाऱ्यांनाही. आणि कबूल करते, माझं पत्रिकांचं मशीन कोरलड्रॉसाठी अजून विंडोजवरच आहे. हे मी आधी लपवायचे. सांगायला लागल्यापासून लोकांचा विश्वास वाढला, हे नवलच.

सगळ्यात लाजिरवाणं झालं ते साखर पेठेतल्या गुरुजींकडे. निवृत्त मराठीचे शिक्षक, बारा वर्षं खपून घराण्याचा कुलवृत्तांत टाइप केलेला. मी त्यांच्या फाइली नीट दुसऱ्या डिस्कवर घेतल्या, मोजून पाहिल्या, डिस्क पुसली, मिंट टाकलं, फाइल उघडली. पणजोबांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा, सगळी भेळ. गुरुजी काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसायला लागले. माझ्या पोटात गोळा आला.

सतरा वर्षं या धंद्यात असून मी ही चूक केली होती. तो मजकूर युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला. तसल्या फाँटमध्ये फाइलीत असतात इंग्रजी अक्षरंच, फाँट त्यांना मराठीचा वेश चढवतो. मी माणसं उचलून आणली होती आणि कपडे जाळले होते. सुदैवानं तोच फाँट माझ्या दुकानातल्या जुन्या डिस्कवर निघाला. विंडोजचा टीटीएफ फाँट लिनक्सलाही चालतो, त्यामुळे रात्री आठला पणजोबा परत आले. पुढचे पंधरा दिवस मी ते प्रकरण-प्रकरण युनिकोडमध्ये बदलून दिलं, गुरुजी शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे. 'दऱ्या'तला अर्धा र दर वेळी मोडायचा, आणि दर वेळी ते म्हणायचे, "इथं बघा." आता फाइलींच्या आधी मी फाँटचा फोल्डर उचलते.

मराठी टाइप करण्याचा प्रश्न वाटला होता त्याहून सोपा निघाला. इनस्क्रिप्ट हा सरकारी ठरलेला कीबोर्ड आहेच. ज्यांना बोलल्याप्रमाणे टाइप करायचं त्यांच्यासाठी मराठीत 'कगप' नावाचा कीबोर्ड येतो. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. आराखडा त्यांचा, अक्षरं आपली. सोलापुरात याचं कुणाला आश्चर्यही वाटत नाही.

एक गोष्ट शिकले ती दुसऱ्या दिवसाची. टाकून दिलं, पैसे घेतले, निघून आलं असं चालत नाही. दुसऱ्या दिवशी अर्धा तास जाऊन नुसतं शेजारी बसायचं, हात मागे बांधून. त्या अर्ध्या तासात अपडेट पासवर्ड मागतं, ते घाबरतात, पेनड्राइव्ह कुठं दिसतो ते सापडत नाही. तेवढं निभावलं की फोन येत नाहीत. मजुरी मी घेतेच, तीनशे रुपये. फुकट करून दिलेलं लोक दुसऱ्याच दिवशी बदलतात, हे पत्रिकांनी कधीच शिकवलं होतं.

गड्ड्याच्या यात्रेपर्यंत अकरा मशीन झाली. दोन परत विंडोजवर गेली, नऊ चालू आहेत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अण्णा पुन्हा आले, स्कूटरच्या पायापाशी दुसरा सीपीयू, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या सोयऱ्याचा. "ते उघड्या कार्डाचं टाकून द्या म्हणतोय." मशीन टॉवेलातच होतं. न्यायच्या वेळी टॉवेल परत न्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. दुकानात आता पाच जमलेत, झेरॉक्स मशीन पुसायला वर्षभर पुरतील.